गटाराच्या नकाशापासून सुरुवात : आयएसओ १४००१ चे आमचे चौदा महिने

८ जानेवारी २०२४. आमच्या सगळ्यांत मोठ्या ग्राहकाचं पत्र आलं : अठरा महिन्यांच्या आत सर्व पुरवठादारांनी पर्यावरण व्यवस्थापन प्रणालीचं, म्हणजे आयएसओ १४००१ या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र घ्यावं. आयएसओ ९००१ चं, म्हणजे गुणवत्तेच्या मानकाचं काम गुणवत्ता विभागात मी बघते, त्यामुळे पत्र फिरत फिरत माझ्याच टेबलावर आलं. पर्यावरण हा माझा विषय नव्हता. पहिले दोन आठवडे मी नुसती घाबरलेली होते, आणि शोधलं तर बहुतेक ठिकाणी एक तर कलमांची यादी मिळायची, नाहीतर जाहिरात. नेमकं काय होतं, किती थांबावं लागतं, कुठे अडतं, हे कोणी सांगत नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आमचा कारखाना मध्यम आकाराचा आहे. १४० माणसं. धातूचे सुटे भाग मशीनवर कापायचे, धुवायचे, फॉस्फेटिंग करायचं (रंग नीट धरावा म्हणून फॉस्फेटचा पातळ थर द्यायचा) आणि पावडर कोटिंग करून, म्हणजे कोरड्या पावडरीचा रंग भट्टीत पक्का करून पाठवायचे. तेल, कूलंट (कापताना मशीनवर सोडायचं थंड ठेवणारं मिश्रण), धुण्याचं पाणी, रसायनांचा गाळ, कॉम्प्रेस्ड हवा आणि भट्टीची उष्णता, असा आमचा पसारा.

२२ जानेवारीला मानकाची अधिकृत प्रत हातात आली. जाडजूड काहीतरी असेल असं वाटलं होतं. निघालं लहानसं पुस्तक. पहिल्या वाचनात मी त्यात आकडे शोधत होते. सांडपाण्यात तेल किती चालेल, चिमणीतून धूर किती चालेल. एकही आकडा नाही. हे मानक मर्यादा ठरवून देतच नाही. मर्यादा कायदा ठरवतो. मानक एवढंच विचारतं, की तुमच्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो हे तुम्हाला माहीत आहे का, कायदा पाळला जातो आहे हे कशावरून, सुधारणा कशी करणार आणि ती झाली हे कसं ओळखणार. त्यामुळे एकाच प्रकारचं काम करणारे दोन कारखाने वेगवेगळ्या पातळीवर असूनही दोघांकडे प्रमाणपत्र असू शकतं. हे कळल्यावर आधी मी थोडी निराश झाले. मानकाची ताकदही तिथेच आहे, हे कळायला पुढचे काही महिने जावे लागले.

थोडी पार्श्वभूमी लिहिते, कारण मला तिचा उपयोग झाला. ब्रिटनमध्ये १९९२ साली बीएस ७७५० हे अशा प्रकारचं मानक आलं. त्याच वर्षी रिओची वसुंधरा परिषद झाली, पुढच्या वर्षी आयएसओनं या विषयासाठी तांत्रिक समिती नेमली आणि १९९६ मध्ये आयएसओ १४००१ ची पहिली आवृत्ती निघाली. मग २००४ आणि २०१५ च्या आवृत्त्या. आम्ही २०१५ च्या आवृत्तीवर काम केलं. दहा कलमं, त्यातल्या पहिल्या तिनांत व्याप्ती, संदर्भ आणि व्याख्या. पूर्तता करायची ती चौथ्यापासून दहाव्यापर्यंत. पहिल्यांदा वाचणाऱ्यानं मागचं परिशिष्ट ‘अ’ आधी वाचावं. कलमांची भाषा कोरडी आहे, परिशिष्टात तीच गोष्ट समजावून सांगितली आहे.

याच सुमारास एका सल्लागारानं तयार फाइलींचा संच देऊ केला. कंपनीचं नाव बदलायचं, सह्या करायच्या, दोन महिन्यांत काम पूर्ण. संच मी चाळून पाहिला. त्यात रंगाच्या बूथमधल्या थिनरचा धोका तीन पानं लिहिला होता. आम्ही पावडर कोटिंग करतो, आमच्याकडे तसा थिनर नाही. कूलंटचा मात्र एका ओळीत उल्लेख. मी नको म्हटलं. त्याऐवजी दुसऱ्या एका अनुभवी बाईंना सहा दिवसांसाठी बोलावलं, तेही सलग नाही तर महिन्या-दीड महिन्यानं एक दिवस. त्या येऊन प्रश्न विचारायच्या, लिहायचं आम्हीच. ही रचना मी प्रत्येकाला सुचवीन. खर्च कमी झालाच, शिवाय प्रणाली आमच्या माणसांच्या शब्दांत उतरली.

५ फेब्रुवारीला कारखाना प्रमुखांबरोबर पहिली बैठक झाली. २०१५ च्या आवृत्तीत ‘व्यवस्थापन प्रतिनिधी’ नेमण्याची वेगळी अट उरलेली नाही. म्हणजे सगळं एका माणसाच्या गळ्यात घालून बाकीच्यांनी मोकळं व्हायचं, ही सोय मानकानं काढून घेतली. मी सरांना पाचवं कलम वाचून दाखवलं आणि विचारलं, “सर, दर महिन्याला तुमचा एक तास मिळेल का?” ते म्हणाले, “दोन घ्या, पण मला कागद दाखवू नका, जागा दाखवा.” त्या वाक्यामुळे पुढचं सगळं बदललं.

जागा दाखवायची तर आधी आपल्याला माहीत हवी. १९ फेब्रुवारीपासून मी रोज सकाळी दोन तास कारखाना पायी फिरायला लागले. बरोबर देखभाल विभागातले मामा. सत्तावीस वर्षं ते इथे फिटर आहेत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. माझ्या हातात सांडपाण्याचा नकाशा होता, संगणकावर काढलेला, रंगीत. निळ्या रेघा पावसाच्या पाण्याच्या, लाल रेघा प्रक्रियेच्या सांडपाण्याच्या. लाल रेघा सगळ्या ईटीपीकडे, म्हणजे आमच्या सांडपाणी प्रक्रिया संयंत्राकडे जात होत्या. नकाशाप्रमाणे सगळं ठीक होतं.

२७ फेब्रुवारीला आम्ही मागच्या धुण्याच्या ओट्यापाशी पोचलो. मशीनवरचे ट्रे, क्रेट आणि धातूच्या चिप्सचे, म्हणजे कापताना निघालेल्या तुकड्यांचे डबे तिथे धुतले जातात. त्यांना कूलंट आणि तेल चिकटलेलं असतं. नकाशावर ओट्यापासून लाल रेघ निघत होती. मामा झाकणाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, हे पाणी ईटीपीला जात नाही.”

मी म्हटलं, “नकाशात तर आहे.”

“नकाशा जुना आहे. कंप्रेसरची खोली इकडे हलवली तेव्हा मधली लाइन तुटली. घाईत हा पाइप पलीकडच्या चेंबरला जोडला. मीच जोडला. तात्पुरता म्हणून.”

कंप्रेसरची खोली सहा वर्षांपूर्वी हलवली होती. पलीकडचं चेंबर पावसाच्या पाण्याचं, आणि ती लाइन कुंपणाच्या भिंतीखालून बाहेरच्या नाल्यात जाते.

मामांना मी विचारलं, आधी कोणाला सांगितलं नव्हतं का. ते म्हणाले, “त्या वेळी सांगितलं होतं. मग साहेब बदलले, आणि परत कोणी विचारलं नाही.” त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. उलट इतक्या वर्षांनी कोणीतरी झाकणापाशी येऊन उभं राहिलं याचं त्यांना बरं वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी खात्री करून घेतली. बाहेर जाणारं तोंड वाळूच्या पोत्यांनी बंद केलं, ओट्यावर हिरवा फ्लुरोसीन रंग टाकलेलं पाणी सोडलं आणि चारही चेंबरची झाकणं उघडून माणसं उभी केली. चार मिनिटांत पावसाच्या चेंबरमध्ये हिरवं पाणी आलं. ईटीपीकडच्या चेंबरमध्ये थेंबही नाही. रंगाची चाचणी करायची असेल तर बाहेरचं तोंड आधी बंद करा आणि ते रंगीत पाणी उपसून प्रक्रियेला पाठवा, हे आवर्जून सांगते. चाचणीच्या नादात रंग नाल्यात सोडणं हीसुद्धा चूकच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नाल्याच्या पलीकडे गुरं चरतात, हे मला माहीत होतं. सहा वर्षं किती तेल गेलं असेल, याचा हिशेब डोक्यातून जात नव्हता. सकाळी सरांना त्या झाकणापाशी घेऊन गेले. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि ओट्यावरचं धुणं त्याच क्षणी बंद करायला सांगितलं. नवीन जोडणी होईपर्यंत ट्रे आतल्या वॉशिंग मशीनवर धुवायचे ठरले. उत्पादनाला त्याचा त्रास झाला, रोज जवळजवळ दीड तास जास्त लागायचा, तरी एकानंही ओटा परत वापरून बघू असं म्हटलं नाही.

चेंबरच्या तळाचा गाळ आणि नाल्याच्या तोंडाजवळची माती प्रयोगशाळेत दिली. अहवालाला बारा दिवस लागले. गाळात तेल आणि ग्रीस भरपूर, मातीत भिंतीजवळ काही, पुढे कमी होत गेलेलं. गाळ घातक कचऱ्याच्या परवानाधारक वाहतूकदारामार्फत पाठवला, भिंतीजवळची मातीही उकरून त्याच मार्गानं दिली.

आता प्रश्न आला कळवण्याचा. आमच्या परवान्यात स्पष्ट अट होती, की प्रक्रियेचं पाणी पावसाच्या लाइनमध्ये जाता कामा नये. तोवर मी कायदेशीर बंधनांची यादी करायला घेतली होती. सहाव्या कलमात ती येते. परवान्याच्या प्रत्येक अटीची एक ओळ : अट काय, कोण बघतं, पुरावा कुठे, शेवटचं कधी तपासलं. एकूण ६३ ओळी झाल्या. त्यातल्या चारांपुढे पुरावा नव्हता, आणि एक वार्षिक विवरण आधीच्या वर्षी गेलंच नव्हतं. आमच्या बैठकीत मतं दुभंगली. दुरुस्त करून मोकळं होऊ, स्वतःहून कशाला सांगायचं, असं काही जणांना वाटत होतं, आणि त्यांची भीती मला समजत होती. सल्लागार बाई एवढंच म्हणाल्या, “कळवण्याची अट परवान्यात आहे का ते वाचा.” होती. प्रश्न तिथेच मिटला. १८ मार्चला आम्ही संबंधित कार्यालयाला पत्र दिलं : काय सापडलं, कधी, काय थांबवलं, काय करणार, किती तारखेपर्यंत. सोबत फोटो, रंगाच्या चाचणीची नोंद, प्रयोगशाळेचे अहवाल आणि राहिलेलं विवरण.

उत्तर यायला साडेपाच आठवडे लागले. ते आठवडे फार जड गेले. दारात गाडी थांबली की माझं लक्ष तिकडे जायचं. २५ एप्रिलला उत्तर आलं : दुरुस्ती मुदतीत पूर्ण करा, पूर्ण झाल्यावर पाहणीसाठी कळवा, विवरणाच्या विलंबाचा दंड भरा. दंड भरला. त्यानंतर मी पहिल्यांदा शांत झोपले.

एप्रिल ते जून पैलूंचं रजिस्टर. मानकाच्या भाषेत पैलू आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुरुवातीला सगळे त्यात गोंधळतात. ड्रममधून तेल गळणं हा पैलू. माती खराब होणं हा परिणाम. आम्ही प्रत्येक कामाचे तीन प्रसंग धरले. नेहमीचं काम, मशीन बंद-चालू करताना किंवा देखभालीच्या वेळी, आणि अपघात. पहिल्या मसुद्यात २१२ ओळी झाल्या. मग तीव्रता, वारंवारता आणि ओळखता येण्याची शक्यता यांना एक ते पाच गुण देऊन गुणाकार केला. निकाल बघून मी थबकले. कार्यालयातला कागदाचा वापर वरच्या वीस पैलूंत, आणि ड्रमच्या गोदामातली गळती शंभराव्या क्रमांकाच्याही खाली! गळती क्वचितच होते, म्हणून वारंवारतेला एक गुण, आणि गुणाकारात ती खाली गेली.

ही चूक मी नंतर दोन-तीन ओळखीच्या कारखान्यांतही पाहिली. गुणाकार सोपा दिसतो, पण क्वचित होणारी आणि मोठं नुकसान करणारी गोष्ट तो दाबून टाकतो. आम्ही नियम बदलला. ज्याला कायदेशीर बंधन आहे ते थेट महत्त्वाचं. अपघातात ज्याचा परिणाम कुंपणाबाहेर जाऊ शकतो तेही थेट महत्त्वाचं. गुण फक्त उरलेल्यांना. रजिस्टर ८८ ओळींवर आलं, महत्त्वाचे पैलू १७. मानक पद्धत कोणती वापरा हे सांगत नाही, फक्त निकष लिहून ठेवा म्हणतं. तेव्हा निकाल डोळ्यांना खोटा दिसला तर पद्धत बदला, अजिबात संकोच करू नका.

जीवनचक्राचा दृष्टिकोन हा शब्द मला आधी जड वाटला होता. प्रत्यक्षात आम्ही एवढंच विचारलं : माल आत येण्याआधी आणि बाहेर गेल्यावर जे होतं, त्यातल्या कशावर आपला हात चालतो? उत्तर निघालं पॅकिंग. ग्राहकाशी बोलून पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी परत येणारे क्रेट सुरू केले. यालाच चार महिने गेले, कारण क्रेट कोणाचे, धुवायचे कोणी आणि हरवले तर भरपाई कोणाची, हे ठरेना.

मधल्या काळात, म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये, मानकाला हवामान बदलाची दुरुस्ती जोडली गेली होती. चौथ्या कलमात दोन छोटी वाक्यं : हवामान बदल हा तुमच्यासाठी लागू मुद्दा आहे का ते ठरवा, आणि संबंधितांच्या तशा अपेक्षा असू शकतात हे लक्षात घ्या. ‘लागू आहे’ एवढं लिहून भागलं असतं. पण बसून विचार केला तेव्हा दोन खऱ्या गोष्टी निघाल्या. जोराचा पाऊस वाढला तर ड्रमच्या गोदामात पाणी शिरेल, कारण त्याचा उंबरठा रस्त्याच्या पातळीला आहे. आणि उन्हाळे तापले तर कोटिंगची पावडर गठ्ठ्यांत घट्ट होईल, मग ती फेकावी लागेल. दोन्ही कामं यादीत आली.

उद्दिष्टं ठरवायला मी फार घाई केली होती. ‘पाणी २० टक्के कमी’ असं पहिल्याच महिन्यात लिहून टाकलं. सल्लागार बाईंनी विचारलं, “कशाच्या २० टक्के?” आमच्याकडे संपूर्ण कारखान्याला एकच मीटर होतं. मग धुण्याच्या लाइनवर, फॉस्फेटिंगवर आणि कूलिंग टॉवरवर वेगळी मीटरं बसवली आणि जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने फक्त मोजलं. उत्पादन कमीजास्त होतं, म्हणून आकडा दर टन मालामागे काढला. हे तीन महिने वाया गेले असं तेव्हा वाटत होतं. पण मोजता मोजताच अर्धे उपाय सापडले. फॉस्फेटिंगनंतरच्या दोन्ही खंगाळण्याच्या टाक्यांत ताजं पाणी वेगवेगळं सोडलं जात होतं. शेवटच्या टाकीचं ओसंडणारं पाणी आधीच्या टाकीत वळवलं, माल पुढे जातो आणि पाणी उलट मागे येतं अशी जोडणी केली, तेव्हा त्या जागचं ताजं पाणी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झालं. खर्च? थोडा पाइप आणि एक रविवार.

कॉम्प्रेस्ड हवेची गळती शोधायची साधी रीत मामांना माहीत होती. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद, फक्त कंप्रेसर चालू. हवा कोणी वापरत नाही, तरी दाब उतरतो आणि कंप्रेसर लोड घेतो, म्हणजे परत हवा भरायला लागतो; दाब भरला की अनलोडवर नुसता फिरतो. तो किती सेकंद लोडवर आणि किती सेकंद अनलोडवर असतो ते घड्याळ लावून दहा वेळा लिहायचं. लोडच्या वेळेला एकूण वेळेनं भागलं की गळतीची टक्केवारी मिळते. लोड-अनलोड पद्धतीच्या कंप्रेसरलाच ही रीत चालते, हे ध्यानात ठेवा. आमची गळती आली २९ टक्के. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन दोन मुलांनी तीन रविवारांत ७४ गळत्या शोधल्या, बहुतेक होजच्या जोडांवर. ऑक्टोबरमध्ये परत मोजलं, ११ टक्के.

कूलंटचं काम सगळ्यांत चिवट निघालं. पातळी उतरली की ऑपरेटर नळाचं पाणी टाकायचे, मिश्रण पातळ व्हायचं, जिवाणू वाढायचे आणि सुट्टीनंतरच्या सकाळी कुजका वास सुटायचा. मग संपूर्ण टाकी रिकामी करून कूलंट घातक कचऱ्यात. आता रिफ्रॅक्टोमीटरनं, म्हणजे मिश्रण किती दाट आहे ते दाखवणाऱ्या उपकरणानं दर दोन दिवसांनी मिश्रण तपासतात, वर तरंगणारं तेल स्किमरनं काढतात, आणि भर घालायची ती तयार मिश्रणाचीच. हे सूचना फलक लावून झालं नाही. एका ऑपरेटर ताईंनी स्वतःच्या मशीनवर दोन महिने करून दाखवलं, त्यांच्या हातांची खाज थांबली, आणि ते पाहून बाकीच्यांनी उचललं.

१२ जुलैला ओट्याची लाइन ईटीपीला जोडली, तात्पुरता पाइप काढून तोंड काँक्रीटनं बंद केलं. ड्रमच्या गोदामाला उंबरठा आणि बांध घातला. आतला सगळ्यांत मोठा ड्रम फुटला तरी सगळं आत राहून वर दहा टक्के जागा उरेल, असा हिशेब. चौदा महिन्यांच्या एकूण खर्चात हे बांधकाम सर्वांत मोठं, निम्म्याच्या आसपास. मग मीटरं आणि प्रयोगशाळेच्या तपासण्या. प्रमाणपत्राची फी आणि सल्लागार मिळून चौथा हिस्साही नव्हता. अंदाजपत्रक करताना सगळे फीच विचारतात. खरा खर्च जमिनीवर काय सापडतं यावर ठरतो, म्हणून फिरून झाल्याशिवाय आकडा सांगू नका.

सप्टेंबरमध्ये पहिली गळतीची रंगीत तालीम. ड्रम आडवा केला, आत पाणीच होतं, आणि घड्याळ लावलं. पाणी पावसाच्या जाळीपर्यंत पोचलं तरी शोषक साहित्याचा डबा आला नाही. तो स्टोअरमध्ये कुलपात होता आणि चावी असलेले दादा दुसऱ्या पाळीला येणार होते. एकूण अकरा मिनिटं. तालीम फसली याचं मला वाईट वाटलं, पण तशीच नोंद केली. ऑक्टोबरमध्ये डबा गोदामाच्या दारातच टांगलेला, जाळीवर टाकायची रबरी चटई शेजारी, आणि तालीम रात्रपाळीला. तीन मिनिटं. तालीम रात्रपाळीतच घ्या. दिवसा सगळे अधिकारी हजर असतात, त्यातून काही कळत नाही.

प्रमाणन संस्था निवडण्याचं काम याच काळात केलं. आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र संस्था करतात, आणि त्या संस्थांना तपासून अधिमान्यता, म्हणजे असं प्रमाणपत्र देण्याची मान्यता देणारी वेगळी मंडळं असतात. सही करण्याआधी संस्थेची अधिमान्यता आपल्या क्षेत्रासाठी आहे ना, ते त्या मंडळाच्या यादीत तपासा. तीन प्रस्ताव आले. एकानं सल्ला आणि प्रमाणपत्र दोन्ही आम्हीच देऊ म्हटलं. आयएसओ १७०२१-१ प्रमाणे प्रमाणन संस्थेनं ग्राहकाला प्रणालीचा सल्ला द्यायचा नसतो, त्यामुळे तो बाजूला ठेवला. ऑडिटचे दिवस माणसांच्या संख्येवर आणि कामाच्या पर्यावरणीय गुंतागुंतीवर ठरतात. आम्हाला नऊ मनुष्यदिवस पडले. कोणी फारच कमी दिवस सांगत असेल तर कारण विचारा.

अंतर्गत ऑडिट ११ ते १३ नोव्हेंबर. स्वतःच्या कामाचं ऑडिट स्वतः करायचं नाही, म्हणून माझ्या कामाचं ऑडिट खरेदी विभागातल्या सहकाऱ्यानं केलं. चौदा त्रुटी निघाल्या, पाच माझ्या. ५ डिसेंबरला व्यवस्थापन आढावा. सरांनी तिथे मीटरांचे आकडे स्वतः वाचून दाखवले.

प्रमाणन संस्थेचं ऑडिट दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा १६ आणि १७ डिसेंबरला. एक ऑडिटर, दोन दिवस. या टप्प्यात तुम्ही दुसऱ्या टप्प्याला तयार आहात का एवढंच बघतात : व्याप्ती, पैलू, कायदेशीर यादी, अंतर्गत ऑडिट, आढावा. त्यांनी तीन चिंतेचे मुद्दे दिले आणि ते दुसऱ्या टप्प्याच्या आधी मिटवायला सहा आठवडे मिळाले. दोन टप्प्यांत असं अंतर ठेवून घ्या, लगोलगची तारीख मागू नका.

दुसरा टप्पा ३ ते ५ फेब्रुवारी २०२५. दोन ऑडिटर, तीन दिवस. पहिल्या दिवशी दुपारी मुख्य ऑडिटर बाई म्हणाल्या, “तुमच्या नोंदीतलं ते झाकण बघायचंय.” माझ्या पोटात गोळा आला. मी मामांना बोलावलं. त्यांनी झाकण उघडलं, बंद केलेलं तोंड दाखवलं आणि कोणी न विचारता सगळं सांगितलं : पाइप मीच जोडला होता, का जोडला होता, कसा काढला. ऑडिटर बाईंनी पत्रव्यवहार पाहिला, पाहणीचा अहवाल पाहिला, आणि वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या. संध्याकाळपर्यंत मला वाटत होतं की मोठी त्रुटी येणार. आली नाही. आम्ही शोधलं, थांबवलं, कळवलं आणि दुरुस्त केलं, याची साखळी कागदावर पूर्ण होती.

शेवटी तीन किरकोळ त्रुटी मिळाल्या, मोठी एकही नाही. ईटीपीच्या पीएच मीटरच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर अचूक दाखवतं ना या तपासणीची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपलेली. कंत्राटदाराच्या रात्रपाळीतल्या एका मुलाला गळती झाली तर कोणाला सांगायचं ते माहीत नव्हतं. आणि कायदेशीर पूर्ततेच्या मूल्यमापनात ६३ पैकी सात अटी सुटलेल्या.

उत्तराला तीस दिवस होते. मी १७ फेब्रुवारीला पाठवलेलं उत्तर चारच दिवसांत परत आलं. रात्रपाळीच्या त्रुटीला मी ‘प्रशिक्षण दिले’ असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, मग आधी का दिलं गेलं नव्हतं? मूळ कारण निराळंच होतं. कंत्राटदाराची माणसं दर महिन्याला बदलतात आणि गेटवर त्यांची नोंद सुरक्षा विभाग करतो, आम्हाला कळतच नाही. आता गेट पास तयार होतानाच दहा मिनिटांची माहिती दिली जाते, त्याशिवाय पास मिळत नाही. २६ फेब्रुवारीला हे उत्तर गेलं आणि मान्य झालं. तीन आठवड्यांनी, १९ मार्चला प्रमाणपत्र आलं. मुदत तीन वर्षं, दरवर्षी देखरेख ऑडिट, आणि पहिलं प्रमाणपत्राच्या निर्णयापासून बारा महिन्यांच्या आत. आम्ही जानेवारी ठरवला आहे, म्हणजे काही कारणानं लांबलं तरी हाताशी दोन महिने राहतात.

प्रमाणपत्र स्वागतकक्षात लावलं. मामांनी मात्र माझ्याकडे नवीन नकाशा मागितला, चौथी सुधारित आवृत्ती, प्लास्टिकमध्ये घातलेली. तो त्यांनी कंप्रेसरच्या खोलीत भिंतीवर लावला आहे आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधली आहे. गेल्या आठवड्यात मी गेले तर बॉयलरच्या मागे त्यांनी एक छोटा गोल काढलेला दिसला, पुढे प्रश्नचिन्ह. मी विचारलं, तर म्हणाले, “इथे एक झाकण असायचं. फरशी घातली तेव्हा खाली गेलं. लाइन कुठे जाते ते आठवत नाही, बघायला पाहिजे.” रविवारी ती फरशी उचलायची आहे. वाळूची पोती आणि हिरवा रंग मी काढून ठेवला आहे.